माशाचं आतडं मायक्रोस्कोपखाली: प्रॅक्टिकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

सेमिस्टर परीक्षा जवळ आली की झूलॉजीच्या पोरापोरींचे तेच तेच मेसेज सुरू होतात. रात्री अकराला फोटो येतो, आयपीसला मोबाइल टेकवून काढलेला, अर्धा काळा, खाली लिहिलेलं असतं "मॅडम हे पोट आहे की आतडं", आणि मासा असतो रोहू. कोल्हापुरात प्रॅक्टिकल घेणाऱ्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. म्हणून नेहमीचे प्रश्न एका जागी लिहून ठेवलेत. विषयवार क्रम लावलेला नाही, जे जास्त विचारलं जातं ते आधी घेतलंय. घरगुती प्रश्नही एक-दोन आहेत शेवटी, ते काढून टाकावेत असं वाटलं नाही.

रोहूच्या स्लाइडमध्ये गॅस्ट्रिक ग्लँड सापडतच नाहीत. कुठं बघू?

कुठंच बघू नका, नाहीतच. रोहूला पोट नसतं. कटला, मृगळ, सायप्रिनस, गोल्डफिश, झेब्राफिश, ह्या सगळ्या कार्प घराण्याला पोट नाही, अन्ननलिका संपली की थेट आतडं सुरू. पोट नाही म्हणजे जठरग्रंथी नाहीत, आम्ल नाही, पेप्सिन नाही. तरीही दरवर्षी जर्नलमध्ये रोहूच्या आकृतीत सुबक गॅस्ट्रिक ग्लँड काढलेल्या असतात कारण आकृती सस्तन प्राण्याच्या पुस्तकातनं उचललेली असते, समोरची स्लाइड कुणी बघितलेलीच नसते. बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं मूळही इथंच आहे, माणसाचं आतडं पाठ करून ते माशाला चिकटवायचं. आधी माशाचं नाव विचारा, तो काय खातो ते विचारा, मग लेन्सला डोळा लावा.

मग अन्ननलिकेच्या पुढं ते फुगीर असतं ते काय?

त्याला इंटेस्टायनल बल्ब म्हणतात. बाहेरून पोटासारखंच दिसतं, अन्न थोडा वेळ तिथं साठतंही, पण आतलं अस्तर बघितलंत तर सरळ आतड्याचं आहे: एकाच थराच्या उंच स्तंभाकार पेशी, वर ब्रश बॉर्डर (ब्रशच्या केसांसारखी बारीक कड), मध्ये मध्ये म्युकस सोडणाऱ्या गॉब्लेट सेल, खाली ग्रंथी एकही नाही. घड्या मात्र इथं सगळ्यात उंच असतात आणि नागमोडी जातात, त्यामुळं सेक्शनमध्ये (पातळ कापात) पोकळी जवळजवळ भरून गेलेली दिसते. पित्ताची नळीसुद्धा बल्बच्या सुरुवातीलाच उघडते. हे लक्षात ठेवा म्हणजे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) "हे पोट का नाही" विचारलं तर एका वाक्यात उत्तर देता येईल.

पोट नाही तर पचतं कसं?

घशात दात असतात की. रोहूच्या तोंडात दात नाहीत पण घशाच्या हाडावर तीन ओळींत आहेत, ते वरच्या कठीण पॅडवर घासून शेवाळ, कुजका पाला, वनस्पतीचे तुकडे बारीक करतात. पुढचं काम स्वादुपिंडाचे ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, अमायलेज आणि पित्त ह्यांच्यावर, आणि ही एन्झाइम आम्लात नाही तर किंचित अल्कलाइन पाण्यात चालतात. शिवाय आतडं लांब असतं, मोठ्या रोहूचं आतडं अंगाच्या लांबीच्या कित्येक पट भरतं. ट्रेमध्ये सोडवायला बसलात की कळेल, वेटोळी संपत नाहीत, आणि वेटोळ्यांच्या फटीफटीत यकृत घुसलेलं असतं, ते खेचलं की तुटतं. रोहूची पिल्लं आधी बारीक प्राणिप्लवंगं खातात तेव्हा आतडं तुलनेनं आखूड असतं, खाणं बदलत जातं तसं ते वाढतं.

पोट गेलं कसं ह्यावर 2014 मध्ये बऱ्याच प्राण्यांच्या जीनोमची तुलना प्रसिद्ध झाली होती. पोट नसलेल्या माशांत पेप्सिनोजेनची आणि आम्ल सोडणाऱ्या पंपाची जीन्सच गळालेली आढळली. म्हणजे अवयव नुसता आक्रसलेला नाही, त्याची सामग्रीच गेलेली आहे.

खरं पोट बघायचं तर कुठला मासा घ्यायचा?

मरळ. आपल्याकडं जिवंत मिळते, हवेतनं श्वास घेते म्हणून बादलीत थोड्या पाण्यात तास न् तास तग धरते, आणि हिस्टॉलॉजीला (ऊतींची सूक्ष्म रचना बघायला) ह्याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही (का ते खाली सांगते). मांसाहारी मासा, त्यामुळं पोट पिशवीसारखं ऐसपैस, आतडं आखूड, आणि पोट-आतड्याच्या सांध्यावर दोन पायलोरिक सीका, बोटभर लांब बंद नळ्या. त्यांचा सेक्शन घेतलात तर आतड्याचीच रचना दिसते, त्या नळ्या पचन-शोषणाची जागा वाढवायला असतात, ग्रंथी म्हणून लिहू नका.

पोटाच्या पुढच्या भागात लॅमिना प्रोप्रियात (अस्तराखालच्या सैलसर थरात) ग्रंथी खच्चून भरलेल्या दिसतील, पेशी गोलसर, इओसिन ह्या रंगानं गुलाबी, दाणेदार. आता महत्त्वाचं. माणसात आम्ल सोडणारी पेशी वेगळी, पेप्सिनोजेन सोडणारी वेगळी, दोन नावं, दोन रंग. माशात हे दोन्ही एकच पेशी करते, ऑक्झिंटिकोपेप्टिक सेल. त्यामुळं मरळीच्या आकृतीत "पराएटल सेल" आणि "चीफ सेल" असे दोन बाण दिसले की परीक्षकाला लगेच कळतं तुम्ही काय बघून काढलंय. पोटाच्या मागच्या, पायलोरिक भागात ग्रंथी कमी होत जातात किंवा नसतातच आणि स्नायू जाड होतो.

चिलापी पण चालते. तिचं पोट छोटं असतं पण आम्ल भयंकर, पीएच 2 च्याही खाली जातो, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींच्या भिंती त्यातच फुटतात.

आतड्याचे चार थर ओळखायचे कसे?

आतून बाहेर या. म्युकोसा, सबम्युकोसा, मस्क्युलॅरिस, सिरोसा. म्युकोसा म्हणजे एपिथेलियम आणि त्याखालचं सैलसर लॅमिना प्रोप्रिया. मस्क्युलॅरिसमध्ये आतला थर गोलाकार आणि बाहेरचा लांबीच्या दिशेनं जाणारा, आडव्या सेक्शनमध्ये आतल्या थराचे तंतू लांब लांब दिसतात आणि बाहेरच्याचे कापलेले ठिपके दिसतात. दोघांच्या मध्ये नीट बघितलंत तर मोठ्या फिकट न्यूक्लियसच्या चेतापेशी दोन-चार दिसतील. सिरोसा म्हणजे सगळ्यात बाहेरची पातळ कड.

गोची आहे ती लॅमिना प्रोप्रिया आणि सबम्युकोसा ह्यांच्यात. सस्तन प्राण्यांत दोघांच्या मध्ये मस्क्युलॅरिस म्युकोसी नावाची स्नायूची बारीक पट्टी असते, बऱ्याच माशांच्या आतड्यात ती नसतेच, मग दोन्ही थर एकमेकांत मिसळतात, कुठं एक संपला आणि दुसरा सुरू झाला ते सांगता येत नाही. अशा वेळी प्रोप्रिया-सबम्युकोसा असं एकत्र लेबल द्या. उगाच मनानं रेघ ओढू नका.

व्हिलाय लिहायचं की फोल्ड?

फोल्ड. व्हिलस म्हणजे बोटासारखा स्वतंत्र उंचवटा, माशात बहुतेक ठिकाणी लांबच लांब घड्या असतात, त्या आडव्या कापल्या की बोटासारख्या दिसतात आणि म्हणून घोटाळा होतो. एकदा आतडं लांबीत चिरून, पाण्यात पसरून नुसत्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली बघा, नागमोडी घड्या आणि त्यांची जाळी उघड दिसते, आणि मग आयुष्यभर चूक होत नाही. बऱ्याच संशोधन लेखांतही व्हिलाय छापलेलं असतं, ते चालवून घेतलं जातं हे मला माहीत आहे. तरी तुम्ही फोल्ड लिहा.

क्रिप्ट, पॅनेथ सेल, ब्रूनर ग्लँड, पायर्स पॅच?

ह्या सस्तन प्राण्याच्या आतड्यातल्या रचना, रोहू-मरळीत ह्यातलं काही नाही. क्रिप्ट (अस्तरातले खळगे, सस्तन प्राण्यांत नवीन पेशी तिथं तयार होतात) नाहीत तर नवीन पेशी येतात कुठून, हा त्यापुढचा चांगला प्रश्न: घडीच्या तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि टोकाला गळून पडतात. लिम्फोसाइट मात्र भरपूर, एपिथेलियमच्या पेशींच्या मध्ये छोटे, गडद, भोवती पांढरी कड असलेले न्यूक्लियस दिसतात ते तेच, पण पायर्स पॅचसारखे बांधलेले गट नसतात.

एपिथेलियममध्ये पांढरी भोकं पडलीत, सेक्शन खराब झालाय का?

नाही हो, त्या गॉब्लेट सेल आहेत. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये म्युकस नीट रंगत नाही म्हणून रिकाम्या किंवा फिकट निळसर दिसतात. न्यूक्लियस तळाशी चेपलेला असतो. खात्री करायची तर दुसऱ्या स्लाइडला पीएएस (म्युकस रंगवायची पद्धत) करा, न्यूट्रल म्युकस लखलखीत मॅजेन्टा येतं, आणि अल्शियन ब्लू 2.5 पीएचला केलंत तर आम्लधर्मी म्युकस निळं येतं. दोन्ही एकावर एक केलं की काही पेशी मॅजेन्टा, काही निळ्या आणि काही मधल्याच जांभळ्या, आणि विभागात एवढी देखणी स्लाइड दुसरी नसते, भिंतीवर फ्रेम करून लावावी अशी. पीएएसनं ब्रश बॉर्डरची रेघही उठून दिसते, ते बोनस.

अन्ननलिका आणि आतडं ह्यातला फरक पटकन कसा सांगायचा?

अन्ननलिकेत एपिथेलियम अनेक थरांचं असतं आणि त्यात म्युकस पेशी इतक्या की बाकीच्या पेशी शोधाव्या लागतात. माशाला लाळग्रंथी नाहीत, घास पुढं ढकलायला हेच म्युकस. टेस्ट बडसुद्धा सापडतात, म्हणजे चव घशाच्या खालपर्यंत जाते. आणि स्नायू रेखित असतो, हाय पॉवरला आडव्या रेघा दिसतात, त्यामुळं नको तो घास मासा झटक्यात बाहेर टाकू शकतो. आतड्यात स्नायू अरेखित. ह्या नियमाला युरोपातला टेंच नावाचा कार्प अपवाद आहे, त्याच्या आतड्याभर रेखित स्नायूचा थर जातो. आपल्या अभ्यासक्रमात नाही, पण व्हायव्हात सांगितलंत तर परीक्षक खूश होईल.

आतड्याचा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळ्या स्लाइडवर आहेत, लेबल निघालंय. कसं ओळखू?

पुढं घड्या उंच, मागं बुटक्या. पुढं गॉब्लेट सेल कमी, मागं जास्त. एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं.

अजून एक खूण आहे, फार कमी जण बघतात. मागच्या बाजूच्या एका पट्ट्यात शोषक पेशींच्या न्यूक्लियसच्या वर मोठमोठे गुलाबी थेंब किंवा पोकळ्या दिसतात. माशाच्या आतड्याचा हा भाग प्रथिनं अर्धवट अवस्थेतच पेशीच्या आत ओढून घेतो आणि आत पचवतो. पोट नसलेल्या माशात तर हे चांगलंच ठळक असतं. आणि पुढच्या भागात खाल्ल्यानंतर लगेच घेतलेल्या सेक्शनमध्ये पेशीत पांढऱ्या गोल पोकळ्या दिसतात, ती शोषलेली चरबी असते, झायलीननं धुवून नेलेली. चरबीच दाखवायची असेल तर पॅराफिनचा नाद सोडा, गोठवून काढलेला फ्रोजन सेक्शन आणि ऑइल रेड ओ हा रंग.

यकृताच्या सेक्शनमध्ये रक्तवाहिनीभोवती जांभळे पुंजके आहेत. गाठ आहे का?

स्वादुपिंड आहे ते! रोहूसारख्या माशात स्वादुपिंड वेगळा गोळा म्हणून नसतं, आतड्याभोवतीच्या चरबीत विखुरलेलं असतं आणि पोर्टल व्हेनच्या फांद्यांबरोबर यकृताच्या आत शिरतं, म्हणून हेपॅटोपँक्रियाज म्हणायचं. पेशीचा तळ गडद जांभळा आणि टोकाला लालभडक दाणे, झायमोजेनचे, एकदा बघितलं की विसरत नाही. बाजूच्या यकृतपेशी फिकट, बहुकोनी, मधोमध गोल न्यूक्लियस आणि त्यात ठळक न्यूक्लिओलस. डुकराच्या यकृतात दिसतात तशा षटकोनी लोब्यूल आणि कोपऱ्यात पोर्टल ट्रायड इथं शोधत बसू नका.

तळ्यात पेंड-कोंडा भरपूर खाऊन वाढलेल्या माशाच्या यकृतपेशी पोकळ पोकळ दिसतात, चरबी आणि ग्लायकोजेनमुळं. त्याला लगेच "डीजनरेशन" लिहू नका.

बाजारातनं बर्फातला मासा आणला तर चालेल का?

रश्श्याला चालेल. हिस्टॉलॉजीला नाही.

आतडं ही अशी जागा आहे की जीव गेल्याबरोबर तिथली एन्झाइम स्वतःच्याच भिंतीवर कामाला लागतात. काही मिनिटांत घड्यांच्या टोकाचं एपिथेलियम सुटायला लागतं, मग पत्रेच्या पत्रे निघून पोकळीत तरंगतात आणि मागं उघडं लॅमिना प्रोप्रिया राहतं. बर्फानं हे थोडं हळू होतं, थांबत नाही. म्हणून वर मरळ म्हटलं. मासा जिवंत आणायचा, लवंगतेलाच्या पाण्यात पूर्ण शांत करायचा, आणि पोट उघडल्यापासून आतडं फिक्सेटिव्हमध्ये (ऊती न सडता आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावणात) जाईपर्यंत गप्पा मारायच्या नाहीत. फिक्सेटिव्हच्या बाटल्या आधी भरून, लेबल लावून, झाकणं उघडून ठेवायच्या. पित्ताशय फुटू देऊ नका, हिरवं पाणी सगळ्यावर पसरतं. मासा आदल्या दिवशी उपाशी ठेवलात तर अजून उत्तम कारण मृगळ आणि रोहूच्या आतड्यात वाळू असते आणि वाळूचा एक कण मायक्रोटोमच्या (पातळ काप काढायच्या यंत्राच्या) ब्लेडला दाता पाडतो, मग प्रत्येक सेक्शनवर तीच उभी रेघ.

फिक्स कशात करायचं, फॉर्मॅलिन की बुइन?

दोन्ही चालतात. मला स्वतःला आतड्यासाठी बुइन आवडतं, न्यूक्लियस खणखणीत येतात आणि ट्रायक्रोम (तीन रंगांचं स्टेनिंग) छान बसतं. पिक्रिक ॲसिडचं संपृक्त द्रावण 75 मिली, फॉर्मॅलिन 25, ग्लेशियल ॲसेटिक 5. साधारण 24 तास, मग पिवळेपणा जाईपर्यंत 70 टक्के अल्कोहोल बदलत राहायचं. पिक्रिक ॲसिड कोरडं पडलं तर स्फोटक असतं, त्यामुळं स्टोअरमध्ये मागच्या फळीवर जुनी, झाकणाला पिवळे खडे आलेली बाटली दिसली तर फिरवून उघडायला जाऊ नका, सरांना सांगा.

फॉर्मॅलिन घेतलंत तर 10 टक्के न्यूट्रल बफर्ड. नुसतं पाण्यात मिसळलेलं आम्लधर्मी होतं आणि रक्ताच्या जागी तपकिरी-काळे दाणे पाडतं, पोरं त्याला मेलॅनिन समजतात. कुठलंही घ्या, तुकड्याच्या निदान दहापट तरी असलं पाहिजे, आणि आतडं अर्ध्या सेंटीमीटरच्या आत कापा. लांब नळी तशीच टाकली तर बाहेरून फिक्स आणि आतून सडलेली निघते. सिरिंजनं थोडं फिक्सेटिव्ह नळीतनं सोडायचं, आतली घाण पण धुवून जाते.

रिबन गोळा होतात, सेक्शन फाटतात, स्लाइड दुधाळ होते...

उन्हाळ्यात रिबन (एकाला एक जोडून निघणाऱ्या सेक्शनची पट्टी) ब्लेडला चिकटते, कारण खोलीच इतकी तापलेली असते की वॅक्स मऊ पडतं. ब्लॉक (वॅक्समध्ये बसवलेला तुकडा) बर्फावर ठेवा, सकाळी लवकर सेक्शन काढा, दुपारी झटापट करू नका. 5 ते 6 मायक्रॉन पुरे. सेक्शनच्या मधोमध आतड्याचा भाग चुरा होऊन पडत असेल तर वॅक्स आतपर्यंत गेलेलं नाही किंवा अल्कोहोल घाईघाईनं उरकलंय.

दुधाळ स्लाइड हा आपल्या पावसाळ्याचा खास प्रसाद. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली, ॲब्सोल्यूट अल्कोहोलचं झाकण उघडं राहिलं की ते पाणी ओढतं, मग नावाला ॲब्सोल्यूट, आणि झायलीनमध्ये गेल्या गेल्या स्लाइड पांढरी. मागं फिरा, नवीन बाटलीतलं अल्कोहोल घ्या, पुन्हा झायलीन. डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं द्रव्य) लावून झाकल्यावर काही करता येत नाही असं नाही, पण कव्हरस्लिप सुटेपर्यंत झायलीनमध्ये ठेवावी लागते आणि तोवर संयम राहत नाही कुणाचा.

एका बाजूला स्नायू जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, हा रोग आहे का?

ब्लॉक तिरका बसलाय. वेटोळ्याचं आतडं वळणावर कापलं गेलं की एक बाजू तिरकी कापली जाते आणि थर उगाच जाड दिसतो, घड्यांची टोकं पोकळीत सुटी बेटं होऊन तरंगताना दिसतात. सुटं बेट दिसलं तर त्याच्या भोवती सगळीकडनं एपिथेलियम आहे का ते बघा. असेल तर ती घडीच, तुटलेला तुकडा नव्हे.

ह्यामुळंच मोजमाप घेताना सरळ आडवे सेक्शनच निवडायचे. ऑक्युलर मायक्रोमीटर प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळा कॅलिब्रेट करा, स्टेज मायक्रोमीटरचा एक भाग 10 मायक्रॉन. ऑक्युलरचे 10 भाग स्टेजच्या 14 भागांवर बसले तर ऑक्युलरचा एक भाग 14 मायक्रॉन. लेन्स बदलली आणि जुनाच आकडा वापरला तर सगळा तक्ता वाया. आणि पॅराफिनमध्ये टिश्यू आक्रसतो, त्यामुळं आकडे तुलनेसाठी आहेत, जिवंत माशाचं माप म्हणून नव्हे.

प्रोजेक्टला पंचगंगेतला मासा घेऊन प्रदूषणाचा परिणाम दाखवायचाय.

हा विषय दर बॅचला कुणीतरी मागतंच, आणि घाटावर उभं राहून पाण्याचा रंग बघितला की का मागतात ते कळतं. करा, पण नीट करा. एपिथेलियम गळणं, पेशीत पोकळ्या, गॉब्लेट सेल वाढणं, लॅमिना प्रोप्रियात सूज, हे बदल प्रदूषणात दिसतात हे खरं. पण ह्यातलं गळणं आणि पोकळ्या उशिरा फिक्स केलेल्या निरोगी माशातही दिसतात. उपाशी माशातही घड्या बुटक्या होतात. कृमी असले तरी गॉब्लेट सेल वाढतात. त्यामुळं त्याच जातीचा, त्याच आकाराचा, स्वच्छ पाण्यातला मासा, त्याच पद्धतीनं, तेवढ्याच वेळात फिक्स केलेला, हा कंट्रोल नसेल तर तुमच्या हातात फक्त फोटो आहेत. घाटाजवळचा मासा आणि वर राधानगरीकडच्या भोगावतीतला मासा अशी तुलना करता येईल, मात्र खाणं वेगळं असेल तर आतडंही वेगळं असणार, ते रिपोर्टात लिहा. पाण्याच्या चाचण्या सोबत घ्या, नुसत्या स्लाइडवरनं "हेवी मेटलमुळं" असं वाक्य लिहिलेलं मी तरी चालू देत नाही.

एपिथेलियममध्ये जाड भिंतीची, आत काड्या भरलेली पेशी दिसली. परजीवी आहे का?

रॉडलेट सेल. तेलोहान ह्यांनी 1892 मध्ये पहिल्यांदा नोंदवली तेव्हा तीही परजीवीच समजली गेली होती आणि तो वाद पुढं अनेक दशकं चालला. आता ती माशाचीच पेशी, बचावाच्या यंत्रणेशी संबंधित, असं बहुतेक मानतात. दिसली तर फोटो काढून ठेवा.

समुद्राच्या माशात काय वेगळं बघायला मिळेल?

रत्नागिरी-मालवणकडनं येणाऱ्या माशांत तीन घ्या. मोरीच्या आतड्यात स्पायरल व्हॉल्व्ह असतो, म्हणजे म्युकोसाची घडी आतल्या आत गोल जिन्यासारखी फिरत जाते, आतडं आखूड राहूनही जागा वाढते. बांगड्याला पायलोरिक सीका झुपक्यानं असतात. बोय चिखलातलं खातो, त्याच्या पोटाचा मागचा भाग जाड स्नायूचा, कोंबडीच्या पेठ्याचंच काम करणारा. फक्त हे सगळे बर्फातनं येतात, म्हणून सूक्ष्म रचनेपेक्षा हातानं उघडून बघायला चांगले.

फिश टँकमधला सकर मासा काच चाटत असतो आणि मध्येच वर येऊन हवा गिळतो, ती जाते कुठं?

पोटात! उजनीकडं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तोच हा. त्याच्या पोटाची भिंत पातळ, पारदर्शक, केशवाहिन्यांनी भरलेली, श्वासाचं काम करते. रंकाळ्याकडच्या किंवा कुठल्याही दुकानातनं आणलेला मोठा झाला की लोक तलावात सोडून देतात, कृपा करून सोडू नका, बाहेरचा मासा आहे आणि एकदा पसरला की आवरत नाही.

मॅडम, कॉलेजमध्ये मासा कापायची परवानगी आहे का?

2011 मध्ये यूजीसीनं झूलॉजीतलं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं कमी करायची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून पोरांनी जिवंत प्राणी कापायचे दिवस गेले. आता बहुतेक ठिकाणी तयार स्लाइड, चार्ट, व्हिडिओ. संशोधनासाठी करायचं असेल तर विभागाच्या समितीतनं जायचं. माझं मत विचाराल तर एका माशातनं नीट फिक्स केलेले ब्लॉक पुढची कित्येक वर्षं अख्ख्या विभागाला पुरतात, दर बॅचला नवे मासे मारायची गरजच नाही.

घरी मरळ साफ करताना आतड्यात पांढरे किडे निघाले. मासा फेकून द्यायचा का?

हा आईचा प्रश्न असतो, पोरगी झूलॉजीला आहे म्हणून विचारलेला. गोड्या पाण्यातल्या मांसाहारी माशात कृमी सर्रास असतात, काहींच्या डोक्यावर काट्यांची सोंड असते आणि ती आतड्याच्या भिंतीत रुतलेली असते. आतडी काढून टाका, मांस स्वच्छ धुवा, आणि पूर्ण शिजवा, आपल्या रश्श्याच्या उकळीत काही टिकत नाही. मांसातच किडे दिसले तर मात्र खाऊ नका. आणि शक्य असेल तर ते आतडं किड्यासकट फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पोरीबरोबर विभागात पाठवून द्या, सोंड भिंतीत रुतलेला सेक्शन आमच्याकडं कधीच पुरेसा नसतो.

स्पॉटिंगला किती लिहायचं?

माशाचं नाव स्लाइडवर असेल तर ते, अवयव, भाग, आणि समोर दिसतायत त्या तीन खुणा. रोहूचा बल्ब असेल तर उंच नागमोडी घड्या, एकथरी स्तंभाकार एपिथेलियम ब्रश बॉर्डरसह, जठरग्रंथी नाहीत. कामाची दोन वाक्यं. आकृती पेन्सिलनं, बाण एकमेकांना छेदायचे नाहीत, आणि जे दिसत नाही त्याला बाण द्यायचा नाही. पाच मिनिटं असतात, त्यातली दोन फोकस करण्यात जातात, आणि आधीच्या पोरानं तेल लावून ठेवलेली लेन्स मिळाली तर तीन. टिश्यू पेपर खिशात ठेवा.